ब्रिटनमध्ये मय्यत झाली तर: दाखल्यापासून कबरीपर्यंत

मय्यत झाल्यावर दफनाला उशीर होतो तो बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतल्या घोळामुळे. घरात रडारड असते, नातेवाइकांचे फोन थांबत नाहीत, कोणी विमानाची तिकिटे बघत असतो, आणि ज्या डॉक्टरने दाखला लिहायचा तो पाळी संपवून घरी निघून जातो. मग शनिवार-रविवार मध्ये येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत सुमारे ३९ लाख लोकांनी आपला धर्म इस्लाम असल्याचे सांगितले. एवढ्या मोठ्या समाजाची मय्यतीची व्यवस्था आता बहुतेक शहरांत बसलेली आहे आणि कागद वेळेवर हलले तर चोवीस तासांत दफन होते. पुढची माहिती इंग्लंड-वेल्सच्या कायद्यानुसार आहे. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे.

जिवंतपणी लिहून ठेवायचा कागद

पहिला प्रश्न असतो इथे की वतनात. १९६० च्या दशकात गिरण्यांत आणि ओतशाळांत कामाला आलेल्या पुरुषांना आपण परत जाणार याची खात्री होती. त्यामुळे जुन्या मय्यत कमिट्यांची वर्गणी प्रामुख्याने पार्थिव मायदेशी पाठवण्यासाठी जमायची. आज त्याच कमिट्या इथल्या कबरस्तानात जागा घेतात, कारण फातेहा पढायला येणारी मुले-नातवंडे इथे आहेत. तरीही घराघरात यावर वाद होतात, आणि ते नेमके मय्यत समोर असताना होतात.

आमचे मत स्पष्ट आहे. बायको आणि मुले ब्रिटनमध्ये असतील तर दफन इथेच करावे. वतनात पाठवायचे म्हणजे कॉरोनरला (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) आधी सूचना द्यावी लागते आणि त्याने लवकर परवानगी दिली नाही तर पूर्ण चार दिवस थांबावे लागते. वर एम्बामिंगचा दाखला, संसर्ग नसल्याचा दाखला, जस्ताचे अस्तर लावलेली पेटी, वकिलातीची परवानगी आणि पासपोर्ट रद्द करणे हे सगळे आले. एम्बामिंगमध्ये रक्तवाहिनीला छेद देऊन रसायने भरतात. दफन लवकर करा आणि मय्यतीला इजा पोहोचवू नका, या दोन्ही गोष्टींशी ते जुळत नाही, म्हणून अनेक उलेमा (धर्मपंडित) याला नापसंत करतात. विधवेला मग कबर बघायला दर वेळी विमान पकडावे लागते, हे कोणी आधी लक्षात घेत नाही.

तरीही निर्णय ज्याचा त्याने करायचा, आणि लिहून ठेवायचा. घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा एक कागद असावा. त्यावर पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, एनएचएस म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा क्रमांक, जीपीच्या (नेहमीच्या डॉक्टरच्या) दवाखान्याचे नाव, मय्यत कमिटीचा फोन आणि सदस्य क्रमांक, दफन कुठे करायचे, निर्णय कोण घेणार आणि अवयवदानाबद्दलची इच्छा एवढे लिहावे. इंग्लंडमध्ये २० मे २०२० पासून, नकार नोंदवलेला नसेल तर प्रौढ माणसाची अवयवदानाला संमती गृहीत धरली जाते. कुटुंबाला विचारले जातेच, पण त्या घटकेला उत्तर देणे फार कठीण जाते. हो असो वा नाही, नोंद आधीच करा.

इंग्रजी कायद्यात मृताने दफनाबद्दल व्यक्त केलेली इच्छा कोणावर बंधनकारक नसते. १८८२ च्या विल्यम्स खटल्यापासून हे तत्त्व चालत आले आहे. देहाचे काय करायचे हे मृत्युपत्रात नेमलेला एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा माणूस) ठरवतो. त्यामुळे खरा उपाय म्हणजे मृत्युपत्र करणे आणि भरवशाच्या माणसाला एक्झिक्युटर नेमणे. सही दोन साक्षीदारांच्या समोर करावी, आणि त्या दोघांना किंवा त्यांच्या जोडीदारांना मृत्युपत्रात काही मिळत नसावे. मिळत असेल तर मृत्युपत्र टिकते, पण त्यांचा वाटा जातो.

नवमुस्लिमांनी हे टाळून अजिबात चालणार नाही. आई-वडील आणि भावंडे ख्रिस्ती किंवा निधर्मी असतील आणि मृत्युपत्र नसेल, तर अधिकार जवळच्या नातेवाइकांकडे जातो. ते दुःखात, चांगल्या मनाने, कुटुंबाच्या पद्धतीप्रमाणे दहन करू शकतात. मशिदीकडे ते थांबवण्याचा अधिकार नसतो. मृत्युपत्राची प्रत मशिदीत ठेवा आणि घरच्यांशी जिवंतपणी बोला. जनाजाला घरच्यांनी यावे, कबरीवर माती द्यावी, असे आधी सांगून ठेवले तर बहुतेक कुटुंबे समजून घेतात.

ज्यांचा फक्त निकाह झाला आहे आणि इंग्लंडमध्ये कायदेशीर विवाहनोंदणी झालेली नाही, त्यांची अडचण याहून मोठी आहे. इथे मशिदीत किंवा घरात लावलेला, नोंदणी न झालेला निकाह कायद्याच्या दृष्टीने विवाह ठरत नाही. मृत्युपत्र नसेल तर अशी पत्नी वारसही नसते आणि दफनाचा पहिला अधिकारही तिचा नसतो. परदेशात, तिथल्या कायद्याप्रमाणे वैध झालेला निकाह मात्र सहसा मान्य होतो. त्याचा मूळ दाखला आणि इंग्रजी भाषांतर घरात सापडेल अशा जागी ठेवा.

मृत्यू झाल्यावर पहिले तास

आजारपणात घरीच मृत्यू होणार हे माहीत असेल तर ९९९ ला फोन करू नका. तो फोन आपत्कालीन सेवेला जातो. अचानक मृत्यू समजून पोलीस येऊ शकतात आणि प्रकरण विनाकारण कॉरोनरकडे जाते. जीपीला, रात्री असेल तर १११ या आरोग्यसेवेच्या क्रमांकाला किंवा घरी येणाऱ्या नर्सला फोन करा. ते मृत्यूची खातरजमा करतात. लक्षात ठेवा, खातरजमा वेगळी आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला वेगळा. खातरजमा नर्सही करू शकते, दाखला फक्त डॉक्टर देतो.

९ सप्टेंबर २०२४ पासून पद्धत बदलली आहे. जे मृत्यू कॉरोनरकडे जात नाहीत, त्यांचा प्रत्येक दाखला मेडिकल एक्झामिनर (दाखले तपासायला नेमलेला स्वतंत्र डॉक्टर) तपासतो. उपचार करणारा डॉक्टर दाखला लिहितो, तो एक्झामिनरकडे जातो, एक्झामिनरच्या कार्यालयातून कुटुंबाला फोन येतो, आणि मग दाखला थेट रजिस्ट्रारकडे (मृत्यूची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) पाठवला जातो. पूर्वीसारखे पाकीट हातात मिळत नाही. या बदलात एक सोय झाली: मृताच्या हयातीत त्याच्यावर कधीही उपचार केलेला डॉक्टर दाखला लिहू शकतो, अलीकडे तपासलेलेच असायला हवे ही जुनी अट गेली. अडचणही एक वाढली, साखळीत आणखी एक टेबल आले.

म्हणून हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला तर वॉर्डमधून हलण्यापूर्वीच नर्सला सांगा की धर्माप्रमाणे तातडीने दफन करायचे आहे, आणि ते नोंदवहीत लिहून घ्या. दाखला कोणता डॉक्टर लिहिणार, त्याची पाळी किती वाजेपर्यंत आहे, मेडिकल एक्झामिनरचे कार्यालय सुट्टीच्या दिवशी उघडे असते का, हे तीन प्रश्न तिथेच विचारा. मोठ्या हॉस्पिटलमध्ये मुस्लिम चॅप्लेन (हॉस्पिटलचा धर्मगुरू) असतो. त्याला हे रस्ते पाठ असतात, त्याला पहिल्यांदा शोधा. एक्झामिनरचा फोन अनोळखी क्रमांकावरून येतो. तो न उचलल्यामुळे अर्धा दिवस जातो, असे वारंवार घडते. घरातल्या एकाच माणसाचा क्रमांक द्या आणि त्याने फोन हातातून सोडू नये.

रजिस्ट्रारकडे नोंदणीची मुदत पाच दिवस आहे, पण आपल्याला ती पहिल्याच दिवशी करायची असते. नोंद झाली की दफनासाठीचा ग्रीन फॉर्म मिळतो. त्याशिवाय कबरस्तान दार उघडणार नाही. सुट्टीच्या दिवशी नोंद पूर्ण होत नसेल, तर नोंदणीपूर्वी फक्त दफनापुरता ग्रीन फॉर्म देण्याची तरतूद आहे. मोठी मुस्लिम वस्ती असलेल्या बऱ्याच काउन्सिलनी (स्थानिक पालिकांनी) त्यासाठी सुट्टीतला आपत्कालीन क्रमांक ठेवला आहे. मय्यत कमिटीकडे तो असतो.

नोंदणीच्या वेळी नावांचा घोळ होतो, आणि तो आपल्या समाजात विशेष होतो. पासपोर्टवर एक स्पेलिंग, जीपीकडे दुसरे. बाईच्या नावात कुठे ‘बेगम’ आहे, कुठे ‘बी’ आहे, कुठे नवऱ्याचे नाव आडनाव म्हणून चिकटले आहे. जुन्या पिढीत कित्येकांची जन्मतारीख १ जानेवारी आहे, कारण आले तेव्हा खरी तारीख कोणाला माहीत नव्हती. रजिस्ट्रार विचारेल ते असे: पूर्ण नाव, पूर्वीची नावे, जन्मतारीख, जन्माचे ठिकाण, व्यवसाय, शेवटचा पत्ता, जोडीदाराचे नाव आणि व्यवसाय. सगळी रूपे सांगा आणि ‘या नावानेही ओळखले जात’ अशी नोंद करून घ्या. सही करण्यापूर्वी प्रत्येक अक्षर वाचा. नंतर दुरुस्ती होते, पण पुरावे आणि पैसे दोन्ही लागतात. दाखल्याची प्रत १२.५० पौंडांना मिळते. बँक, पेन्शन आणि परदेशातली मालमत्ता यांसाठी चार-पाच प्रती तेव्हाच घ्या.

कॉरोनरकडे गेले तर

अचानक, अपघाती, अनैसर्गिक किंवा कारण न कळलेला मृत्यू कॉरोनरकडे जातो. कामामुळे जडलेल्या आजाराने झालेला मृत्यूही जातो. एके काळी सुती गिरणीत किंवा ॲस्बेस्टॉसजवळ काम केलेल्या वृद्धाचा फुफ्फुसाच्या आजाराने मृत्यू झाला तर तयारीत राहा. यात कोणावर संशय नसतो.

अशा वेळी देहाला लावलेल्या नळ्या, सुया, कॅथेटर काहीही काढू नका, परवानगी मिळेपर्यंत गुस्ल (मय्यतीची अंघोळ) ही नाही. कॉरोनरच्या अधिकाऱ्याला दोन गोष्टी कळवा: दफन तातडीचे आहे, आणि शवविच्छेदन करावेच लागले तर आधी सीटी स्कॅन करावा. स्कॅनची सोय सगळीकडे नाही आणि बऱ्याच ठिकाणी फी कुटुंबाला भरावी लागते. स्कॅनमध्ये कारण सापडले नाही तर चिरफाड होऊ शकते, हे घरच्यांना आधीच समजावून ठेवा. कॉरोनरने आदेश दिला की कुटुंबाचा नकार चालत नाही. मात्र विनंती ऐकून घेणे त्याला भाग आहे. लंडनमधल्या एका कॉरोनरने धार्मिक कारणावरून कोणालाही आधी घ्यायचे नाही असे धोरण ठेवले होते. ते एप्रिल २०१८ मध्ये हायकोर्टाने बेकायदा ठरवले. हा खटला ज्यू दफन संस्थेने लढला होता. त्याचा फायदा मुस्लिमांनाही तितकाच होतो.

गुस्ल आणि कफन

बहुतेक मोठ्या मशिदींत आता गुस्लखाना आणि दोन-चार देहांची शीतपेटी असते. गुस्लला तीन-चार माणसे पुरतात, जास्त नकोत. पुरुषाला पुरुषांनी, स्त्रीला स्त्रियांनी गुस्ल द्यावा. पत्नी पतीला देऊ शकते. पतीने पत्नीला द्यावा का, यावर मसलकांत (पंथांत) मतभेद आहे, म्हणून आपल्या इमामाला विचारून घ्या.

नाभीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग कायम झाकलेला ठेवा. हातमोजे घालून आधी इस्तिंजा (गुप्तांगांची स्वच्छता), मग नाकातोंडात पाणी न घालता वजू (नमाजेआधी करतात तसे हात-तोंड-पाय धुणे), नंतर डोके, उजवी बाजू, डावी बाजू. पाणी कोमट असावे. बोरीची पाने उकळलेले पाणी मिळाले तर उत्तम, नाहीतर साबण चालतो. धुणे तीन वेळा, गरज पडली तर पाच किंवा सात, आणि शेवटच्या पाण्यात कापूर. शीतपेटीतला देह ताठरलेला असतो. सांधे जोर लावून सरळ करू नका, हलक्या हाताने चोळत सैल करा. शवविच्छेदन झालेले असेल तर टाक्यांतून पाझर होतो. त्या जागी कापूस, वर जलरोधक पट्टी आणि कफनाखाली प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा. पेसमेकर काढायची गरज नाही. तो दहनाच्या वेळी स्फोट होऊ नये म्हणून काढतात.

पुरुषाला तीन कपडे: इजार (आतली चादर), कफनी (सदरा), लिफाफा (सर्वांत बाहेरची चादर). स्त्रीला पाच: यांत ओढणी आणि सीनाबंद (छातीवर बांधायचे कापड) वाढतात. लिफाफा डोक्याच्या वर आणि पायांच्या खाली वीतभर उरला पाहिजे, म्हणजे दोन्ही टोके बांधता येतात. तयार संच मशिदीत मिळतात, पण ते मध्यम बांध्याचे असतात. देह उंच किंवा स्थूल असेल तर आधी सांगा.

नमाज, वेळ आणि कबर

डिसेंबरात लंडनला सूर्य चारच्या आधी मावळतो आणि कबरस्तानाचे फाटकही त्याच सुमारास बंद होते. हिवाळ्यात जनाजाची नमाज जोहरनंतर (दुपारच्या नमाजेनंतर) लगेच ठेवा. असरपर्यंत (त्यानंतरच्या नमाजेपर्यंत) थांबलात तर माती देताना अंधार पडतो. कबर खणणाऱ्यांना किमान अर्धा दिवस आधी कळवावे लागते, आणि सकाळच्या ठरावीक वेळेनंतर त्या दिवसाचे बुकिंग बरीच कबरस्ताने घेत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: ग्रीन फॉर्म हातात येण्याची चिन्हे दिसताच कबर तात्पुरती बुक करायची, फॉर्म आल्यावर पक्की करायची, आणि नमाजेची वेळ सगळ्यांना त्यानंतरच कळवायची. वेळ आधी कळवली आणि कागद अडला तर शेकडो माणसे मशिदीत ताटकळतात.

किब्ला (मक्केची दिशा) ब्रिटनमधून आग्नेयेला आहे. देह उजव्या कुशीवर, तोंड आग्नेयेला, म्हणजे डोके नैऋत्येला आणि पाय ईशान्येला येतात. भारतीय उपखंडात किब्ला पश्चिमेकडे असल्यामुळे डोके उत्तरेला ठेवतात, आणि तिथून आलेले वडीलधारे कबरीच्या काठावर तीच सवय सांगू लागतात. मुस्लिम विभागातल्या कबरी आधीच योग्य दिशेने आखलेल्या असतात. खणणाऱ्यावर विश्वास ठेवा. जुन्या सर्वसाधारण विभागात जागा घेतली असेल तरच होकायंत्राने तपासा.

पेटीशिवाय दफन करायला इंग्रजी कायद्याची बंदी नाही, देह झाकलेला असला म्हणजे पुरे. निर्णय त्या त्या कबरस्तानाच्या नियमांवर असतो. काही फक्त कफनात परवानगी देतात, काही पेटी मागतात. पेटीशिवाय दफन करताना बाजूंना आधार आणि देहाच्या वर फळ्या लावून पोकळी ठेवतात, म्हणजे माती अंगावर पडत नाही. पाठीमागे मातीचा आधार दिला नाही तर देह पुन्हा पाठीवर येतो. चिकणमातीत हिवाळ्यात कबरीत पाणी साचते, म्हणून पंप आहे का ते विचारा. काउन्सिलच्या कबरस्तानांना लागू १९७७ च्या आदेशाप्रमाणे पेटीच्या वर किमान तीन फूट माती हवी, जमीन योग्य असेल तर दोन फूट चालते.

स्त्रियांनी कबरीपर्यंत यायचे का, यावर मशिदीमशिदींत फरक आहे. आई किंवा मुलीला फाटकावर अडवण्याचा प्रसंग फार वाईट असतो. इमामाशी आदल्या दिवशीच बोला.

इथे मुस्लिम दफनाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. वोकिंगजवळच्या ब्रुकवुड कबरस्तानात मुंबईत जन्मलेले, कुराणाचे इंग्रजी भाषांतरकार अब्दुल्ला युसुफ अली यांची कबर आहे. पहिल्या महायुद्धातल्या मुस्लिम भारतीय सैनिकांच्या कबरीही १९६८ मध्ये तिथेच हलवल्या गेल्या, कारण हॉर्सेल कॉमनवरच्या त्यांच्या मूळ कबरस्तानाची नासधूस होत होती. मुस्लिमांनी स्वतः चालवलेल्या कबरस्तानांपैकी हेनॉल्टचे गार्डन्स ऑफ पीस २००२ पासून सुरू आहे. तिथे सगळ्या कबरी सारख्याच साध्या आहेत.

पैसे

काउन्सिलच्या कबरस्तानात दोन रकमा भराव्या लागतात: कबरीचा हक्क आणि खणून दफन करण्याची फी. त्या काउन्सिलच्या हद्दीत राहत नसाल तर फी दुप्पट-तिप्पट होऊ शकते. वृद्ध आई-वडिलांना शेवटच्या वर्षात दुसऱ्या गावच्या मुलाकडे नेले असेल तर ‘रहिवासी’ कोणाला म्हणतात हा नियम आधी वाचा. सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबाला फ्युनरल एक्स्पेन्सेस पेमेंट मिळू शकते. त्यात दफनाची फी आणि इतर खर्चासाठी १,००० पौंडांपर्यंत रक्कम असते. अर्ज दफनानंतर सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. देह वतनात पाठवण्याचा खर्च त्यात धरत नाहीत. १८ वर्षांखालील मुलाच्या, आणि २४ आठवड्यांनंतर मृत जन्मलेल्या बाळाच्या दफनाची फी इंग्लंडमध्ये जुलै २०१९ पासून कुटुंबाकडून घेतली जात नाही. ही गोष्ट कित्येक आई-बापांना कोणी सांगतच नाही.

इंग्लिश खाडीपलीकडचे नातेवाईक

युरोपातल्या नातेवाइकांना इथला सल्ला जसाच्या तसा देऊ नका. नेदरलँड्समध्ये ३६ तासांच्या आत दफन करायला महापौरांची खास परवानगी लागते. फ्रान्समध्ये २४ तास थांबावे लागते, पेटी सक्तीची आहे, आणि मुस्लिम विभाग ठेवायचा की नाही हे महापौर ठरवतात. जर्मनीत नियम राज्यागणिक बदलतात. पेटीची सक्ती बाडेन-वुर्टेंबर्गने २०१४ मध्ये आणि बायर्नने २०२१ मध्ये शिथिल केली. तिथे कबर साधारण २० ते २५ वर्षांसाठी मिळते आणि मुदत वाढवली नाही तर जागा पुन्हा वापरतात. इतकी वर्षे तिथे राहिलेले तुर्की लोक आजही देह तुर्कस्तानला पाठवतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

दफनानंतर

ब्रिटनमध्येही कबर ‘विकत’ मिळत नाही. ठरावीक वर्षांचा हक्क मिळतो, काउन्सिलच्या कबरस्तानात जास्तीत जास्त १०० वर्षांचा. मुदत हक्कपत्रावर लिहिलेली असते. ते कोणाच्या नावावर आहे हे बघा. दगड लावायला त्याचीच सही लागते. ते मृताच्याच नावावर राहिले असेल तर हस्तांतरण करून घ्या.

माती बसायला सहा महिने तरी लागतात, तोपर्यंत दगड लावू देत नाहीत. दगड आणण्यापूर्वी नियमावली मागून घ्या: उंची किती, कठडा चालतो का, उंचवटा ठेवता येतो का. कबरीवर कोणाचा पाय पडू नये म्हणून कठडा हवा असे अनेक कुटुंबांना वाटते आणि काउन्सिलला गवत कापायला सपाट जमीन हवी असते. वॉल्सॉलमध्ये हा वाद हायकोर्टापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये निकाल काउन्सिलच्या बाजूने लागला. म्हणून कठडा हवा असेल तर तो चालणारे कबरस्तान आधीच निवडा. दफनानंतर हा प्रश्न काढला तर हातात फार काही उरत नाही.